शहराभोवतालची जमीन भावी वसाहतीसाठी कशी जोखावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न महाराष्ट्रातले शेतकरी, गृहनिर्माण संस्था करू पाहणारे गट, छोटे विकासक आणि नगरसेवक वारंवार विचारतात. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात केली आहे, अपवाद आणि अडचणीच्या बाबी पुढे येतात. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे सविस्तर असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जमीन जोखायची म्हणजे नक्की काय करायचे? रस्त्यालगत आहे, शहर जवळ आहे, एवढे पुरत नाही का?

पुरत नाही. तपासणीचा क्रम महत्त्वाचा. जे पैसा ओतूनही बदलत नाही, ते सगळ्यात आधी पाहायचे: पूररेषा, डोंगरउतार, वन, हस्तांतरणावरची बंदी. त्यानंतर जे बदलते पण वेळ खाते, म्हणजे झोन, आरक्षण, रस्त्याचा हक्क. शेवटी जे निव्वळ खर्चाने सुटते: भराव, पाया, जलवाहिनी, रोहित्र. बहुतेक जण नेमके उलटे करतात. आधी भाव ठरतो, विसार दिला जातो आणि मग वकिलाकडे कागद जातात. तोवर माघार घेणे महाग झालेले असते.

प्रत्येक गटाला (म्हणजे गट क्रमांकाच्या जमिनीला) शेवटी तीनपैकी एक शेरा मिळाला पाहिजे: आता होण्यासारखी, अमुक अडचण सुटली तर होण्यासारखी, किंवा सोडून द्यावी अशी. मधल्या शेऱ्यापुढे ती अडचण कोण सोडवणार आणि कोणत्या कार्यालयात, हे लिहिले नसेल तर तो शेरा निरुपयोगी आहे.

२. सुरुवातीला कोणते कागद गोळा करू?

गटनिहाय चालू सातबारा आणि ८अ, सातबाऱ्यावर क्रमांक असलेले सगळे फेरफार, गाव नकाशा व गटबुकाचा उतारा, झोन दाखला आणि त्यासोबतचा भाग नकाशा, शेवटच्या मोजणीची ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) असल्यास ती, आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून किमान ३० वर्षांच्या नोंदणीकृत व्यवहारांचा शोध. सातबारा महाभूलेखवर नुसता पाहायचा असेल तर पाहा, पण कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचा घ्या. जुने फेरफार तालुक्याच्या अभिलेख कक्षात किंवा ‘आपले अभिलेख’ या पोर्टलवर मिळतात.

फेरफार उलट्या क्रमाने वाचा, आजपासून मागे. वारसाच्या नोंदीत बहिणींची नावे गळालेली असणे, अज्ञान (अठरा वर्षांखालील) वारसाच्या वाट्याची विक्री, आणि वाटप तोंडी झालेले पण नोंद न झालेले, हे तीन दोष इतके नेहमीचे आहेत की ते नाहीत हे सिद्ध होईपर्यंत ते आहेतच असे धरून चालावे.

३. यलो झोन, ग्रीन झोन कोण ठरवते? दलाल म्हणतो ‘यलो होणारच आहे’.

विकास योजनेच्या नकाशात निवासी विभाग पिवळा आणि शेती विभाग हिरवा दाखवतात, त्यावरून ही नावे पडली. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ खाली नगरपरिषद किंवा महापालिकेच्या हद्दीत विकास योजना असते, हद्दीबाहेर प्रादेशिक योजना. झोन दाखला हद्दीत पालिका देते. हद्दीबाहेर नगर रचना विभागाचे जिल्ह्याचे कार्यालय देते, आणि महानगर प्राधिकरण असेल तर ते प्राधिकरण.

‘होणारच आहे’ याला किंमत द्यायची तर योजना कोणत्या टप्प्यावर आहे ते विचारा. इरादा जाहीर होणे, सध्याच्या जमीनवापराचा नकाशा, प्रारूप योजना प्रसिद्ध होणे, त्यावर ३० दिवसांत हरकती-सूचना, नियोजन समितीची सुनावणी, शासनाकडे सादर आणि मग मंजुरी, असा हा प्रवास असतो. तो वर्षानुवर्षे रेंगाळतो. प्रारूपातला पिवळा रंग अंतिम मंजुरीत हिरवा झाल्याची उदाहरणे आहेत, म्हणून प्रारूपाच्या आधारे निवासी भाव देऊ नका.

मंजूर योजनेतही एक बारीक गोष्ट तपासा. शासन कधी कधी काही भागांवरचा निर्णय मागे ठेवून बाकीची योजना मंजूर करते. त्या जागा ‘वगळलेला भाग’ म्हणून नकाशावर वेगळ्या खुणेने दाखवतात. तुमचा गट अशा खुणेत असेल तर तिथला रंग अजून पक्का झालेला नाही.

४. आमच्या गावाला पुढच्या २० वर्षांत किती जमीन लागेल? नगरपरिषदेत हा आकडा कसा मांडायचा?

लोकसंख्येच्या अंदाजावरून सुरुवात करा. समजा २० वर्षांत २०,००० माणसे वाढतील. छोट्या शहरात रस्ते, शाळा, बागा, दुकाने सगळे धरून हेक्टरी १०० माणसे हे धरण्यासारखे प्रमाण आहे. केंद्र शासनाच्या २०१४ च्या नागरी नियोजन मार्गदर्शक सूचनांमध्ये छोट्या शहरांसाठी हेक्टरी ७५ ते १२५ माणसे दिली आहेत. म्हणजे २०० हेक्टर.

आता खरी अडचण. २०० हेक्टर पिवळे केले म्हणून २०० हेक्टर बाजारात येत नाहीत. काही मालक विकत नाहीत, काही गट कोर्टात असतात, काहींना रस्ता नाही. म्हणून आधी गटनिहाय तपासणी करून जे खरोखर होण्यासारखे आहेत त्यांची बेरीज करा आणि ती गरजेशी ताडून पाहा. बेरीज कमी पडली तर झोन वाढवा. पण चार दिशांना थोडे थोडे वाढवू नका. एका बाजूचे सलग क्षेत्र घेतले तर एकच मुख्य जलवाहिनी आणि एकच मलनिस्सारण वाहिनी पुरते, विखुरले तर प्रत्येक वस्तीला टँकर लागतो. आपल्याकडच्या बहुतेक तालुक्याच्या गावांची आजची अवस्था या एका चुकीतून आली आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

५. सातबाऱ्यावर कोणत्या नोंदी दिसल्या तर थांबावे?

आधी भोगवट्याचा वर्ग पाहा. वर्ग १ ची जमीन मालकाला विकता येते. वर्ग २ ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तिथे ती जमीन कोणत्या कायद्याने मिळाली हे शोधावे लागते, कारण इलाज त्यावर ठरतो. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीला कलम ४३ लागू असते. मालकी मिळून १० वर्षे झाली असतील तर २०१४ च्या दुरुस्तीनुसार जमीन महसुलाच्या आकारणीच्या ४० पट रक्कम भरून वाट मोकळी होते. शासनाने दिलेल्या बऱ्याच जमिनी अधिमूल्य (प्रीमियम) भरून वर्ग १ मध्ये आणता येतात. देवस्थान इनामाचे, म्हणजे देवळासाठी दिलेल्या जमिनींचे, तसे नाही, त्या जमिनी विकत घेण्याचा विचार सोडूनच द्या.

मग ‘इतर हक्क’ हा रकाना. कुळाचे नाव, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, पुनर्वसनासाठी हस्तांतरणबंदी, भूसंपादनाचा शेरा, विहिरीत हिस्सा, वहिवाटीचा हक्क. बोजा फेडून कमी होतो. पुनर्वसनाचा शेरा प्रकल्पाच्या लाभक्षेत्राशी जोडलेला असतो, तो उठल्याचा लेखी आदेश लागतो. ‘राखीव वन’, ‘खाजगी वन’ किंवा भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५(३) चा उल्लेख असेल तर वन विभागाकडून लेखी खुलासा येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६अ मुळे बिगर-आदिवासीला ती मंजुरीशिवाय घेता येत नाही. ही बंदी कुलमुखत्यारपत्राने किंवा दीर्घ भाडेपट्ट्याने टळत नाही, आणि ती टाळण्याचा प्रयत्नही करू नये. या जमिनी मूळ आदिवासी मालकाला परत केल्या जातात, तेव्हा वर बांधलेली घरे कोणाच्याच उपयोगाची राहत नाहीत.

६. सातबाऱ्यावर २ हेक्टर आहे. १५० चौरस मीटरचे किती प्लॉट पडतील?

सर्वांत जास्त फसगत इथे होते. भागाकार केला की २०,००० ÷ १५० = १३३ प्लॉट. प्रत्यक्षात बघा.

समजा गटातून नाला जातो आणि त्याची ६ आर जागा पोटखराबा वर्ग ‘ब’ मध्ये दाखवली आहे. वर्ग ‘अ’ म्हणजे निसर्गतःच लागवडीला नालायक, खडकाळ वगैरे. तिथे घर होऊ शकते. वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ता, नाला, स्मशान अशा सार्वजनिक वापराची जागा. ती धरायचीच नाही. गेले ६०० चौमी (चौरस मीटर). विकास योजनेचा १८ मीटर रस्ता गटातून १०० मीटर जातो, म्हणजे १,८०० चौमी. उरले १७,६००.

४,००० चौमी किंवा त्याहून मोठ्या अभिन्यासात (लेआउटमध्ये) १० टक्के खुली जागा सोडावी लागते: १,७६०. सुविधा क्षेत्र किती लागते हे गटाचे आकारमान आणि कोणती योजना लागू आहे यावर ठरते. उदाहरणापुरते ५ टक्के धरू: ८८०. उरले १४,९६०. अंतर्गत रस्ते ९ आणि १२ मीटरचे, गटाचा आकार बरा असेल तर साधारण पाचवा हिस्सा खातात: ३,५००. उरले ११,४६०. रोहित्र, पाण्याची टाकी आणि कोपऱ्यातल्या त्रिकोणी जागा, ज्यांचा प्लॉट होत नाही, त्यांचे ४६० धरा.

हातात राहिले ११,००० चौमी, म्हणजे ७३ प्लॉट. सातबाऱ्याच्या ५५ टक्के. भाव ठरवताना मूळ क्षेत्राला नव्हे, या ११,००० ला भागून पाहा, मगच परवडते की नाही ते कळेल. विकास योजनेच्या रस्त्याखालच्या जागेचा मोबदला टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआयच्या (जमिनीच्या क्षेत्राच्या प्रमाणात मिळणाऱ्या बांधकाम क्षेत्राच्या) रूपात मिळू शकतो, पण लहान गावात टीडीआरला गिऱ्हाईक नसते, तेव्हा तो हिशेबात धरू नका.

गटाचा आकारही तितकाच बोलतो. २५ मीटर रुंद आणि ८०० मीटर लांब अशी पट्टीही २ हेक्टरच भरते. तिच्यात ९ मीटरचा रस्ता घातला की ७,२०० चौमी त्यातच जातात.

७. गुंठे, आर, चौरस फूट यांचा घोळ होतो. नेमके माप काय?

१ हेक्टर = १०० आर = १०,००० चौमी. १ आर = १०० चौमी. १ एकर = ४० गुंठे, १ गुंठा = १,०८९ चौरस फूट = १०१.१७ चौमी. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो आणि व्यवहार गुंठ्यात होतो. आर आणि गुंठा एकच समजले तर २ हेक्टरमध्ये सव्वादोन गुंठ्यांहून थोडा जास्त फरक पडतो.

८. मोजणी केली आणि क्षेत्र सातबाऱ्यापेक्षा कमी भरले. आता?

दोन शक्यता. शेजाऱ्याचे अतिक्रमण असेल तर मोजणी नकाशात ते तुटक रेषेने वहिवाट म्हणून दिसते, आणि पुढचा मार्ग दिवाणी आहे. दुसरी शक्यता अशी की एकत्रीकरणाच्या वेळी गट पाडताना किंवा पोटहिस्से करताना लेखनप्रमाद झाला. त्यासाठी भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयातून जुने टिपण, फाळणी आणि गुणाकार बुक या जुन्या मोजणीच्या कागदांच्या नकला काढून चालू अभिलेखाशी पडताळाव्या लागतात. बांधकाम परवानगी देताना सातबारा आणि मोजणी यांतले जे कमी असेल तेच धरले जाते. म्हणून खरेदीखतात ‘मोजणीत भरेल त्या क्षेत्राप्रमाणे’ रक्कम ठरवा. मोजणी पिके उभी नसताना, लगतच्या खातेदारांना नोटीस देऊन आणि शक्यतो ते हजर असताना करा.

९. पाणंद रस्ता आहे, ट्रॅक्टर सहज जातो. वसाहतीला तो चालेल का?

बहुधा नाही. महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून जो रस्ता देतात, तो शेताला जाण्यासाठी असतो. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली अडवलेली वाट मोकळी करून मिळते, तीही होती तेवढीच. या दोन्हींच्या जोरावर शेजाऱ्याच्या बांधावरून ७० घरांची रहदारी नेण्याचा हक्क मिळत नाही.

वसाहतीला चालतो तो नकाशावर असलेला सार्वजनिक रस्ता, मंजूर विकास योजनेतला पण प्रत्यक्षात उतरलेला रस्ता, किंवा शेजाऱ्याकडून नोंदणीकृत दस्ताने घेतलेली पुरेशा रुंदीची जागा. रुंदीवर पुढचे सगळे ठरते: इमारतीची उंची, अधिमूल्य आणि टीडीआरसह मिळणारा एकूण एफएसआय. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही वगळलेली क्षेत्रे सोडून राज्यभर लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत हे तक्ते आहेत. दाट वस्तीबाहेरच्या निवासी भागात मूळ एफएसआय १.१० आहे, त्यापुढचा सगळा रस्त्याच्या रुंदीशी बांधलेला.

महामार्गालगतच्या जमिनीचा गैरसमज वेगळा. समोरून राष्ट्रीय महामार्ग जातो म्हणजे तिथून थेट फाटा काढता येतो असे नाही. महामार्गाच्या यंत्रणेची प्रवेश परवानगी लागते आणि सेवा रस्ता नसेल तर ती अवघड असते. शिवाय इमारत रेषेमुळे दर्शनी पट्टा मोकळा सोडावा लागतो.

१०. नदीपासून लांब आहे. पूररेषा पाहायची गरज आहे का?

आहे. पूररेषा अंतरावर नाही, पातळीवर ठरते. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेमधले क्षेत्र निषिद्ध, तिथे बांधकाम नाही. निळ्या आणि लाल रेषेमधल्या नियंत्रित क्षेत्रात अटींवर परवानगी मिळते, त्यात जोत्याची पातळी लाल रेषेच्या वर उचलणे ही मुख्य अट. नकाशा जलसंपदा विभागाकडे असतो.

पण रेषा आखल्या म्हणजे पाणी तिथेच थांबते असे नाही. कोल्हापूर आणि सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन पुरांत हे अनुभवले आहे. छोट्या ओढ्यांवर तर रेषा आखलेलीच नसते, आणि शहराच्या कडेच्या वसाहतींना बुडवतात ते बहुधा हेच ओढे. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये जोरदार पावसाच्या दुसऱ्या दिवशी जागेवर जा. तारेच्या कुंपणात आणि बाभळीच्या फांद्यांत अडकलेला पालापाचोळा, प्लास्टिक आणि वाळलेले गवत कोणत्या उंचीला आहे ते टेपने मोजा. रस्त्याच्या मोरीचा पाइप किती व्यासाचा आहे आणि त्याच्या वरच्या बाजूला गाळाचा थर किती साचला आहे ते पाहा. मोरी लहान असेल तर वरच्या बाजूचे शेत पावसाळ्यात तळे होते, कितीही उंच दिसले तरी.

भराव घालून पातळी वाढवू, हे उत्तर सावधपणे वापरा. नाल्याची वहनक्षमता कमी केली तर पाणी शेजारच्या वस्तीत शिरते, आणि नाला वळवणे किंवा बुजवणे विनापरवाना करता येत नाही.

११. काळी जमीन घरांसाठी वाईट असते का?

वाईट म्हणण्यापेक्षा महाग. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हातभर खोल भेगा पडतात. हलक्या, एकमजली घराला हे जास्त बाधते, कारण फुगणारी माती उचलून धरायला वरून पुरेसे वजन नसते. भिंतींना खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा जातात त्या यामुळे.

एकरी दोन-तीन ठिकाणी जेसीबीने चाचणी खड्डे घ्या, मुरूम किंवा खडक लागेपर्यंत. खड्ड्याची कड नीट पाहा: वर काळी माती, खाली पिवळसर चुनखडीचे खडे मिसळलेला थर, मग मुरूम, असे थर उघड दिसतात. मुरूम दीड मीटरच्या आत लागला तर नेहमीचा पाया त्यावर टेकवून काम भागते. काळी माती तीन-साडेतीन मीटरच्या खालीही गेली तर तळाशी फुगीर केलेल्या पाइल्स (जमिनीत खोल उतरवलेले खांब) लागतात. ओलाव्याचा हंगामी बदल साधारण साडेतीन मीटरपर्यंत पोचतो म्हणून ही खोली.

प्रयोगशाळेतून मुक्त फुगवणीची चाचणी करून घ्या. कोरड्या, चाळलेल्या मातीचे प्रत्येकी १० ग्रॅमचे दोन नमुने १०० मिलीच्या दोन नळ्यांत घालतात, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल, आणि २४ तासांनी दोन्हींची उंची ताडून पाहतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून फरक म्हणजे शुद्ध फुगवण. ५० टक्क्यांच्या आत असेल तर चिंता कमी, १०० च्या पुढे असेल तर पायाचा खर्च हिशेबात स्वतंत्र मांडा.

खड्ड्यात विटांचे तुकडे, प्लास्टिक, राख दिसली तर ती जुनी खाण किंवा कचरा बुजवलेली जागा आहे. गावातल्या जुन्या माणसांना विचारा, आणि जुन्या उपग्रह चित्रांत पाण्याचा डबका दिसतो का ते पाहा. अशा भरावावर प्लॉट पाडू नका, तिथे खुली जागा दाखवा.

१२. टेकडीवरची जागा चालते का? दृश्य छान आहे.

१:५ पेक्षा जास्त उतारावर, म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटरहून जास्त चढ असेल तर, बांधकाम करू देत नाहीत. उंचीत एक-एक मीटर फरकाच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीचे बिंदू जोडणाऱ्या) काढून घेतल्या तर दोन रेषांमधले अंतर ५ मीटरपेक्षा कमी असलेला भाग रंगवून टाका, तो गेला. प्राथमिक अंदाजासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे पत्रक चालते: रेषा २० मीटरच्या असतील तर नकाशावर त्या २ मिलिमीटरपेक्षा जवळ आल्या की उतार जास्त.

उताराखालची सपाट जागाही तपासा. माळीण (२०१४) आणि इर्शाळवाडी (२०२३) इथे घरे डोंगर सरकल्याने गेली. वरच्या उतारावर नव्या भेगा, तिरकी झालेली झाडे, अचानक फुटलेले झरे दिसले, किंवा सपाटीकरणासाठी पायथा खोदलेला असेल, तर ती जागा वसाहतीसाठी धरू नये. यात तडजोड नाही.

१३. पाणी किती लागेल आणि ते आहे की नाही कसे ठरवायचे?

मलनिस्सारण असलेल्या शहरी वसाहतीत माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. ७३ प्लॉटवर घरटी पाच माणसे धरली तर ३६५ माणसे, रोज सुमारे ४९,३०० लिटर. त्याचे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते: सुमारे ३९,४०० लिटर. दोन्ही आकडे एकत्र मांडा, कारण पाणी आणल्यावर ते सोडायचे कुठे हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

पालिकेचा ‘पाणी देऊ’ असा दाखला पुरेसा नाही. सर्वांत जवळची वितरण वाहिनी किती अंतरावर, किती व्यासाची, आणि तिच्या शेवटच्या नळाला आज किती दिवसांआड पाणी येते, हे विचारा. बोअरच्या भरवशावर असाल तर एप्रिल-मेमध्ये सलग उपसा करून पाहा. पावसाळ्यानंतरची चाचणी फसवी. भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या तालुका नोंदींवरून परिसरातली पातळी किती खालावते हे कळते.

मलनिस्सारण वाहिनी नसेल तर सेप्टिक टँक आणि शोषखड्डा येतो. काळ्या मातीत (प्रश्न ११) शोषखड्डा शोषत नाही, पहिल्याच पावसाळ्यात भरून वाहतो. पिण्याच्या विहिरीपासून तो किमान १८ मीटर लांब हवा. दीडशे चौरस मीटरच्या प्लॉटांत प्रत्येकाची बोअर आणि प्रत्येकाचा शोषखड्डा असे बसूच शकत नाही. सामाईक प्रक्रिया संयंत्राची जागा अभिन्यासातच, सर्वांत खालच्या कोपऱ्यात काढा.

१४. वरून विजेची मोठी लाइन जाते. खाली प्लॉट पाडता येतील का?

नाही. १३२ केव्ही वाहिनीसाठी २७ मीटर आणि २२० केव्हीसाठी ३५ मीटर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवतात. २२० केव्हीची लाइन गटातून १०० मीटर गेली तर ३५ आर गेले. त्या पट्ट्यात रस्ता बसवता आला तर नुकसान कमी होते.

याच फेरीत आणखी दोन अंतरे तपासून घ्या: रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत रेल्वेचे ना-हरकत लागते, केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित असतात.

१५. एनए, म्हणजे अकृषिक परवानगी, करावे लागते की आता लागत नाही?

२०१४ पासून महसूल संहितेत एकामागून एक दुरुस्त्या होत गेल्या. विकास योजनेत निवासी असलेल्या जमिनीला वेगळ्या अकृषिक परवानगीची गरज काढण्यात आली, पुढे गावठाणापासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींनाही सवलत मिळाली. दिशा एकच आहे: झोन अनुकूल असेल तर कर भरा आणि बांधकाम परवानगी घ्या. नियम अजूनही बदलत असल्याने अर्ज करतानाच्या तारखेची स्थिती तहसील कार्यालयात विचारून घ्या.

याचा अर्थ झोन प्रतिकूल असताना काही झाले असा नाही. हिरव्या झोनमधली जमीन एनएच्या सवलतीने पिवळी होत नाही. तसेच वर्ग २ ची जमीन (प्रश्न ५) आधी मोकळी करावी लागते, तिला ही सवलत आपोआप लागत नाही.

१६. शेती झोनमध्ये एक-दोन गुंठ्यांचे प्लॉट विकतात, खरेदीखतही होते म्हणतात. घ्यावे का?

घेऊ नका. तुकडेबंदीच्या १९४७ च्या अधिनियमाखाली प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडता येत नाही. ऑगस्ट २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत ते जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. २०२५ मध्ये जुने तुकडे नियमित करण्याची सोय झाली. ती ठरावीक तारखेपूर्वीच्या व्यवहारांसाठी आहे, आज नवे तुकडे पाडायची परवानगी नव्हे. दहा जणांनी मिळून २० गुंठे सामाईक खरेदी करायचे आणि आत चुना टाकून वाटून घ्यायचे, ही पळवाट प्रचलित आहे. त्यात कोणाचाही प्लॉट कायद्याने वेगळा होत नाही, बांधकाम परवानगी मिळत नाही, आणि एक भागीदार कर्जात बुडला तर बोजा सगळ्यांच्या सातबाऱ्यावर चढतो.

मंजूर अभिन्यासातला प्लॉट घेताना प्रकल्पाच्या जमिनीचे एकूण क्षेत्र ५०० चौमीपेक्षा जास्त असल्यास महारेराची (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची) नोंदणी मागा. ती प्लॉटिंगलाही लागते.

१७. मी शेतकरी नाही. भावी वसाहतीसाठी जमीन घेऊ शकतो का?

कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. विकास किंवा प्रादेशिक योजनेत निवासी वापराला दिलेल्या जमिनींना अटींवर सूट आहे, म्हणून तुमच्यासाठी झोन दाखला (प्रश्न ३) हा पहिला कागद. हिरव्या झोनमधली जमीन ‘नंतर यलो होईल’ म्हणून दुसऱ्याच्या नावावर घेऊन ठेवणे म्हणजे मालकीच दुसऱ्याच्या हाती देणे.

१८. जमिनीवर शाळेचे आरक्षण आहे. ती कायमची गेली का?

अंतिम विकास योजना लागू झाल्यापासून १० वर्षांत संपादन झाले नाही, तर नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालक खरेदीची सूचना बजावू शकतो. सूचनेपासून २४ महिन्यांत संपादन किंवा त्याची सुरुवात झाली नाही तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते. सूचनेसोबत मालकीचे कागद जोडलेले नसतील तर ती निष्फळ ठरते, आणि व्यपगत झाल्याची राजपत्रात अधिसूचना निघेपर्यंत व्यवहार करू नका.

नगरसेवकांना उलट बाजूने सांगतो: नव्या वसाहतीतल्या मुलांना ती शाळा लागणारच आहे. अशी आरक्षणे व्यपगत होऊ देण्याआधी संपादनाची तरतूद अंदाजपत्रकात धरा.

१९. लहान लहान मालकांचे बारा गट सलग आहेत, पण मधल्या गटाला रस्ताच नाही. काही करता येते?

हीच जमीन नगररचना योजनेला, म्हणजे टीपी स्कीमला, सर्वांत योग्य. सगळे गट एकत्र धरून रस्ते, खुल्या जागा आणि सुविधा आधी काढतात, उरलेल्या जागेतून प्रत्येकाला त्याच्या प्रमाणात चौकोनी, रस्त्याला लागलेला अंतिम भूखंड मिळतो. क्षेत्र कमी होते, किंमत वाढते. पुण्याजवळ म्हाळुंगे-माण आणि नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात अशा योजना हाती घेतल्या आहेत. वेळ लागतो. घाई असेल तर मालकांनी नोंदणीकृत करार करून एकच अभिन्यास मंजूर करून घ्यावा. त्यात कोणाच्या जागेतून रस्ता गेला याची भरपाई क्षेत्रात की पैशात, हे पहिल्याच बैठकीत लिहून काढावे. बोलणी फिसकटतात ती बहुतेक याच मुद्द्यावर.

२०. नागरी कमाल जमीन धारणा कायदा रद्द झाला. तरी सातबाऱ्यावर ‘कलम २०’ चा शेरा आहे, तो दुर्लक्षावा का?

दुर्लक्षू नका. १९७६ चा कायदा महाराष्ट्रात २९ नोव्हेंबर २००७ पासून रद्द झाला, पण त्याआधी कलम २० खाली अटींवर दिलेल्या सवलतींचे दायित्व त्यामुळे आपोआप संपले नाही. अशा जमिनींवर विकासापूर्वी सक्षम प्राधिकाऱ्याची मोकळीक लागते आणि अधिमूल्य भरावे लागू शकते. मुंबई, ठाणे, उल्हासनगर, पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूर, सांगली आणि कोल्हापूर या नागरी संकुलांभोवतीच्या गावांत हा शेरा सापडतो. आजचा सातबारा कोरा असला तरी १९७६ ते २००७ मधले फेरफार वाचा. संगणकीकरणात शेरे गळाल्याची उदाहरणे आहेत, आणि शेरा गळाला तरी आदेश कायम असतो.